आईचे 20 शेक आणि ते मशीन: रेडिएशन ट्रीटमेंटचा आमचा अनुभव

आईचे 20 च्या 20 शेक गेल्या शुक्रवारी संपले, म्हणून आज दुकान बंद केल्यावर निवांत लिहायला बसलोय. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात, काहीजण लाईट देणं म्हणतात, आणि या शब्दानंच निम्मी भीती मनात बसते असं माझं मत झालंय, कारण आई पहिल्या दिवशी गाडीत बसता बसता मला विचारत होती की चटका लई बसतो का रे, ओरडलं तर चालतंय का. तिला शेक म्हणजे तव्यावरचा नाहीतर निखाऱ्याचा शेकच माहिती. तिचं काय चुकलं त्यात, तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. माझ्या दोन तक्रारी आहेत, त्या खऱ्या आहेत, पण तिथली माणसं इतकी चांगली निघाली की त्यांच्यावर एका ओळीनं डाग लागावा असं वाटत नाही. आणि मला जास्त लिहायचंय ते त्या मशीनबद्दल, लिनॅकबद्दल, म्हणजे लिनियर ॲक्सिलरेटर. हे मशीन रेडिएशन तयार कसं करतं ते कळल्यावर आमच्या घरातली भीती निम्म्याहून जास्त गेली, म्हणून तेच सविस्तर सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आई 61 वर्षांची. डाव्या स्तनात गाठ होती, ऑपरेशन करून फक्त गाठ काढली, स्तन ठेवला, मग किमो झाली आणि त्यानंतर रेडिएशन. पूर्ण स्तनाला 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे, आणि जिथं गाठ होती तेवढ्याच जागेला वर 5 सिटिंगचा बूस्ट. ग्रे म्हणजे डोस मोजायचं माप. पूर्वी हेच काम 25 सिटिंगमध्ये 50 ग्रे देऊन करायचे, इंग्लंडमध्ये मोठ्या ट्रायल झाल्या आणि त्यात रोज थोडा जास्त डोस देऊन तीन आठवड्यांत संपवलं तरी निकाल तितकाच चांगला येतो हे दिसलं, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी 15 च देतात. आम्ही विट्याहून रोज जाऊन येऊन करत होतो, त्यामुळे हे दहा दिवस वाचले ते आमच्यासाठी किती मोठं आहे ते फक्त रोज दीड तास गाडीत बसणाऱ्यालाच कळेल.

पहिल्या दिवशी शेक देतच नाहीत हे पण आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फक्त प्लॅनिंगचा सीटी स्कॅन. हात डोक्याच्या वर धरून झोपवतात, हात ठेवायला एक तिरका बोर्ड असतो, अंगावर हिरवे-लाल लेझर पडतात आणि ते जिथं पडतात तिथं टाचणीच्या टोकाएवढे गोंदवून ठिपके देतात. आई म्हणाली लग्नाआधी कपाळावर गोंदलं होतं त्याच्यापेक्षा हे कमी दुखलं. मग डॉक्टर त्या सीटीवर कुठं डोस पाहिजे आणि कुठं नको ते काढतात, आणि फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं आणि मशीनचं गणित बघणारे, कॉम्प्युटरवर बीम म्हणजे किरणांचा झोत कुठल्या कोनातून, किती, कशा आकाराची हे बसवतात. आमच्या वेळी याला सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत नातेवाइकांचे फोन, मशीन बंद आहे का, पैसे कमी पडले का, वगैरे. पेशंटला सीटीनंतर एवढंच सांगा की आता आठवडाभर आमचं काम चालतं, तुम्ही घरी थांबा. एक वाक्य आहे, ते बोललं की माणूस शांत होतो.

आता माझी मोठी तक्रार. पहिला शेक झाल्यावर शेजारच्या एक काकू आल्या आणि आईला म्हणाल्या की अंगात किरणं असतात, लहान पोराला जवळ घेऊ नका. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, आजीशिवाय जेवत नाही. आईनं तीन दिवस त्याला मांडीवर घेतलं नाही, ताट वेगळं, अंथरूण वेगळं, तो दाराशी उभा राहून रडतोय आणि ही आतून म्हणतेय बाळा लांब राहा. मला चौथ्या दिवशी कळलं, तोवर मला वाटत होतं की थकल्यामुळे पडून आहे. हे तीन दिवस मला अजून बोचतात. कागदांच्या फायलीत संमतीपत्र होतं, बिलाचे नियम होते, पण घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घेतलं तर चालतं हे एक वाक्य कुठंच नव्हतं.

चौथ्या दिवशी मी सरळ काउंटरवर विचारलं की हे समजावून सांगणारं कोण आहे. तिथून फिजिसिस्ट मॅडम बाहेर आल्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, हातात चहाचा कप. त्यांनी आईला समोर बसवलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "मावशी, हे मशीन बंद केलं की बल्ब बंद केल्यासारखं आहे, उजेड खोलीत साठून राहतो का, तसंच हे, तुमच्या अंगात काही राहत नाही." आई दोन मिनिटं गप्प बसली आणि मग विचारलं, "म्हणजे नातवाला घेतलं तर चालेल?" मॅडम म्हणाल्या, "आज घरी गेल्या गेल्या घ्या." त्यांनी हे पण सांगितलं की थायरॉइडच्या काही पेशंटना रेडिओॲक्टिव्ह आयोडीन पाजतात, त्यांना मात्र खरंच काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं लागतं, काकूंनी बहुतेक तसलं काही ऐकलं असणार. आईच्या ट्रीटमेंटमध्ये अंगात काही घातलेलंच नाही, बाहेरून किरण येतो, आपलं काम करतो आणि संपतो.

मग त्यांनी मला विचारलं तुम्ही काय करता, मी म्हटलं टीव्ही, ओव्हन, वॉशिंग मशीन रिपेअर करतो, 22 वर्षं झाली. त्या हसल्या आणि म्हणाल्या मग तुम्हाला हे मशीन माझ्यापेक्षा लवकर कळेल, आत मॅग्नेट्रॉन आहे. मॅग्नेट्रॉन! ओव्हनमध्ये मायक्रोवेव्ह तयार करतो तोच भाग, माझ्या दुकानात आत्तासुद्धा जळालेले चार पडलेत. त्या दिवसापासून मी रोज आई आत गेली की त्यांना एक एक गोष्ट विचारत गेलो आणि त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही.

मी जे समजलो ते माझ्या भाषेत सांगतो. जुना डबा टीव्ही आठवा, पिक्चर ट्यूबवाला. त्याच्या मागच्या मानेत इलेक्ट्रॉन गन असते, फिलामेंट तापलं की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, 25 हजार व्होल्टनं ते पुढे ओढले जातात आणि काचेवर आदळले की चित्र दिसतं. लिनॅकची सुरुवात अगदी तशीच, मागे गन, तापलेला कॅथोड, सुटलेले इलेक्ट्रॉन, सगळं निर्वात ट्यूबमध्ये. फरक हा की इथं त्यांना 25 हजार नाही तर 60 लाख व्होल्टएवढी शक्ती द्यायची असते, 6 एमव्ही म्हणतात ते हेच. आता ज्यानं हाय व्होल्टेजचं काम केलंय त्याला लगेच कळेल की 60 लाख व्होल्ट सरळ लावता येत नाहीत, कुठूनतरी स्पार्क होऊन सगळं फुटेल. तर मग काय करायचं, एकदम एवढा धक्का द्यायचाच नाही, छोटे छोटे धक्के वेळेवर देत जायचं.

लहानपणी आपण सायकलचा जुना टायर काठीनं पळवायचो की नाही, एकदाच जोरात मारून टायर लांब जात नाही, आडवा पडतो, पण त्याच्याबरोबर पळत पळत बरोबर वेळेला टपली मारत राहिलं की वेग वाढत जातो. इथं काठी म्हणजे मायक्रोवेव्ह. तांब्याची एक ट्यूब असते, आत एकापुढे एक खोल्या, त्याला कॅव्हिटी म्हणतात, प्रत्येक खोलीला मधोमध भोक. मॅग्नेट्रॉनमधून आलेली मायक्रोवेव्ह या खोल्यांमध्ये भरते आणि इलेक्ट्रॉनचा पुंजका ज्या खोलीत शिरेल तिथं त्या क्षणाला विजेचं बळ बरोबर पुढच्या दिशेला असतं. प्रत्येक खोलीत एक टपली. नुसत्या 6 एमव्हीच्या साध्या मशीनमध्ये ही ट्यूब हातभरसुद्धा लांब नसते आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या 99 टक्क्यांच्या वर जातो. आमच्याकडचं मशीन जास्त एनर्जी देणारं होतं, त्यात ट्यूब मीटरभराहून लांब.

आपल्या घरातला ओव्हन 2450 मेगाहर्ट्झवर चालतो, लिनॅक साधारण 3000 च्या आसपास, म्हणजे घराणं एकच. पण ताकद बघा. घरचा मॅग्नेट्रॉन 800-900 वॅट देतो, इथला 20 ते 50 लाख वॅट. मी म्हटलं एवढी लाईट कशी पुरते हॉस्पिटलला, तर मॅडम म्हणाल्या की हा सलग चालत नाही, झटक्या झटक्यानं चालतो, एक झटका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी चार-पाच भाग एवढाच, आणि सेकंदाला असे काहीशे झटके. शेक चालू असताना आतून जो गुरगुर-भुणभुण आवाज येतो तो याचाच. म्हणजे आईवर रोज किरण चालू असायचा अर्धा-पाऊण मिनिट, आणि त्यातले झटके जोडले तर सेकंदाचा दहावा भागही भरत नाही. हे ऐकून मी खरंच बराच वेळ काही बोललो नाही. काही मोठ्या मशीनमध्ये मॅग्नेट्रॉनच्या ऐवजी क्लायस्ट्रॉन असतो, तो स्वतः मायक्रोवेव्ह तयार करत नाही, आलेली छोटी लाट मोठी करून देतो, अॅम्प्लिफायर म्हणा. तो 1937 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या दोघा भावांनी शोधला, लिनॅक बनवणारी व्हेरियन कंपनी त्यांच्याच नावाची.

आता पुढचा भाग. एवढ्या वेगानं पळणारे इलेक्ट्रॉन शेवटी टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात, त्याला टार्गेट म्हणतात. आदळून एकदम ब्रेक लागतो आणि त्यांची थोडी शक्ती एक्स-रे होऊन बाहेर पडते. जर्मनमध्ये याला ब्रेमश्ट्रालुंग म्हणतात, अर्थच मुळी ब्रेक लागल्यावर निघणारं रेडिएशन. बाकीची शक्ती उष्णता होते, म्हणून टार्गेटला मागून पाणी फिरवून गार ठेवावं लागतं. छातीचा एक्स-रे काढतात तो शंभरेक हजार व्होल्टचा, हा 60 लाखांचा, म्हणून हा शरीरात खोलवर पोचतो. आमच्या मशीनमध्ये ट्यूब आडवी असल्यामुळे इलेक्ट्रॉनला आधी चुंबकानं वळवून खाली आणावं लागतं, टीव्हीत योक कॉइल बीमला वळवते तसंच. काही कंपन्या 270 डिग्रीचा पूर्ण वळसा देतात, काही नागमोडी वळवतात.

टार्गेटमधून निघालेला किरण मध्यभागी जास्त तीव्र आणि कडेला कमी असतो, तो सारखा करायला मध्ये धातूचा एक शंकू ठेवतात. त्याच्याखाली डोस मोजणारे दोन चेंबर, एकावर एक आणि एकमेकांपासून स्वतंत्र. ठरलेला डोस पोचला की पहिला चेंबर किरण बंद करतो, पहिल्यानं दगा दिला तर दुसरा बंद करतो. मला ही रचना फार आवडली, माझ्या धंद्यात एका फ्यूजवर सगळं चालतं. आणि सगळ्यात खाली टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मशीनप्रमाणे 120 नाहीतर 160 पट्ट्या, त्यांना लीफ म्हणतात, प्रत्येकीला वेगळी मोटर. या पट्ट्या पुढे मागे सरकून बीमला पाहिजे तो आकार देतात. मॅडमनी स्क्रीनवर आईचा प्लॅन दाखवला तेव्हा पट्ट्यांची कड बरोबर छातीच्या गोलाईनं गेलेली दिसत होती आणि हृदय बाहेर होतं.

हृदयावरून आठवलं. डावी बाजू असल्यामुळे आईला श्वास धरून शेक दिला. पोटावर एक छोटा डबा ठेवतात, कॅमेरा तो बघत असतो, बाहेरून टेक्निशियन दादा माईकवर सांगतो, "मावशी, खोल श्वास घ्या... धरा... छान," आणि श्वास ठरलेल्या पट्ट्यात असला तरच किरण चालू होतो, जरा खाली आला की बंद. छाती फुगली की हृदय मागे सरकतं आणि किरणाच्या वाटेतून बाजूला होतं. 20-20 सेकंद दोन-तीनदा धरायचं. आई रोज पहाटे तुळशीसमोर बसून प्रॅक्टिस करायची, माझा मुलगा बोटं मोजायचा. सातव्या-आठव्या दिवसापासून ती एका दमात 28 पर्यंत जात होती आणि टेक्निशियनला स्वतः सांगायची, "दादा, आज घाई करू नका, दम आहे."

ज्यांच्या घरी हे सुरू व्हायचंय त्यांच्यासाठी खोलीबद्दल सांगतो, कारण आईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती की सगळे तिला एकटीला टाकून बाहेर पळतात. खोलीला बंकर म्हणतात, मुख्य भिंती काँक्रीटच्या, दोन मीटरच्या आसपास जाड, आत जायला वाकडीतिकडी वाट. टेक्निशियन दिवसभरात कितीतरी पेशंटना शेक देतात, ते आत थांबले तर रोजच त्यांच्या अंगावर पडत राहील, म्हणून ते बाहेर जातात. बाहेरून कॅमेऱ्यावर सतत बघत असतात, माईकवर ऐकू येतं, हात हलवला तरी थांबवतात. दार उघडलं की किरण आपोआप बंद, मायक्रोवेव्हचं दार उघडल्यावर होतो तसाच. मशीनचं डोकं आईभोवती फिरतं पण अंगाला लागत नाही, ज्या बिंदूभोवती फिरतं तो टार्गेटपासून बरोबर 100 सेंटिमीटरवर असतो आणि एवढं टनावारी वजन फिरूनही तो बिंदू मिलिमीटरभराच्या आत राहतो. दुखत नाही, चटका बसत नाही, काही वाससुद्धा येत नाही. आई पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "झालं? मला वाटलं अजून सुरूच नाही."

आणखी एक गोष्ट, 6 एमव्हीचा किरण सगळ्यात जास्त डोस कातडीवर देत नाही, दीड सेंटिमीटर आत देतो. त्यामुळे कातडी बरीच वाचते. तरी स्तनाच्या खालच्या घडीत तिसऱ्या आठवड्यात काळपटपणा आला, खाज आली, तिथं त्यांनी दिलेलं मलम लावलं. थकवा आला, दुपारी झोपायची. केस मात्र शेकानं गेले नाहीत, ते किमोनं गेले होते आणि शेक चालू असतानाच डोक्यावर बारीक बारीक परत यायला लागले, त्याचा तिला केवढा आनंद.

शेवटचे 5 बूस्ट मला सगळ्यात भारी वाटले. तेच मशीन, पण टार्गेट बाजूला सरकवतात आणि इलेक्ट्रॉन सरळ पेशंटवर सोडतात. मध्ये फक्त एक पातळ पत्रा, बीम पसरवायला. इलेक्ट्रॉन एक्स-रेसारखे आरपार जात नाहीत, थोडं आत जाऊन संपतात. आईला 9 एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनची शक्ती मोजायचं माप) दिले, ते साधारण पावणेतीन-तीन सेंटिमीटरपर्यंत कामाचे आणि साडेचारच्या पुढे जवळजवळ काही नाही, त्यामुळे मागचं फुफ्फुस वाचतं. यासाठी मशीनच्या तोंडाला एक चौकोनी नळकांडं लावतात आणि त्याच्या तोंडाला आईच्या गाठीच्या जागेच्या मापाचं भोक असलेली धातूची जाड चकती. ही चकती तिथंच मोल्ड रूममध्ये ओतून बनवतात, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा मिश्रधातू, जो 70 डिग्रीला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यातसुद्धा. माझं सोल्डर 183 ला वितळतं आणि मी त्यालाच कमी समजत होतो.

आता दुसरी तक्रार. तिसऱ्या आठवड्यात मशीन दोन दिवस बंद पडलं. मशीन आहे, बंद पडणार, ते मला कुणी सांगायला नको. पण आम्ही दीड तास गाडी चालवून पोचलो, तिथं पुढं एसटीनं पहाटे चारला निघालेली माणसं बाकावर बसलेली, आणि काउंटरवरून उत्तर एकच, "थांबा, होईल." दुपारी तीनला सांगितलं उद्या या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळ्यांचे मोबाईल नंबर फायलीवर लिहिलेले आहेत, सकाळी सातला एक मेसेज टाकायला काय लागतं. आमच्या शेजारी एक आजोबा होते, घशाचा कॅन्सर, तोंडावर जाळीचा मास्क लावून शेक घेणारे, त्यांना गिळता येत नव्हतं, नाकातून नळी, आणि ते दोन दिवस तसेच बाकावर पडून. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वेगानं वाढतात, म्हणून त्या खंडाची भरपाई करावी लागते, आणि डॉक्टरांनी त्यांना नंतर शनिवारीही बोलावून ती केली. आईचे दोन दिवस शेवटी जोडले, त्यानं फरक पडत नाही असं सांगितलं. उपचारात कुचराई नव्हती, पण निरोप द्यायची व्यवस्था शून्य. मी लेखी अर्ज दिलाय.

बंद पडलं होतं ते मॅग्नेट्रॉनमुळेच. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलाशेजारी तो काढून ठेवलेला होता आणि त्यांनी मला हातात घेऊ दिला. घरच्या ओव्हनचा एका हातात मावतो, हा दोन हातांनी उचलला. पाण्याच्या नळ्या जोडायला तोंडं, चुंबक तर वेगळाच. पण आत रचना तीच, मध्ये कॅथोड आणि भोवती तांब्याच्या खोल्या. 1940 साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी हा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन रडारसाठी बनवला, युद्धात विमानं शोधायला. युद्ध संपल्यावर त्यातूनच एक वाट स्वयंपाकघरात गेली आणि एक दवाखान्यात, 1953 ला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये लिनॅकवर पहिला पेशंट घेतला. 22 वर्षं मी ज्या वस्तूला "अहो मॅग्नेट्रॉन गेलाय, ओव्हन टाका आता" म्हणत आलो त्याच जातीच्या वस्तूनं माझ्या आईचा शेक दिला. तो जड तुकडा हातात असताना मला बोलायला सुचत नव्हतं.

नवीन बसवल्यावर लगेच पेशंट घेतले नाहीत, हे मला फार आवडलं. आधी मॅडमनी पाण्याच्या टाकीत चेंबर ठेवून डोस मोजला, आकडे जुळवले, मग सुरू केलं. तसंही रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी त्या मोजतात आणि 3 टक्क्यांच्या बाहेर गेलं तर मशीन चालवत नाहीत. मशीनच्या पाण्याचं तापमानसुद्धा धरून ठेवावं लागतं कारण तांबं तापून जरा फुगलं की त्या खोल्यांचं ट्यूनिंग हलतं. रात्री सगळं बंद असलं तरी ट्यूबमधली हवा काढणारा पंप चालूच. याच्यावर देशात लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, मुंबईत अणुशक्तीनगरला, त्यांच्या परवान्याशिवाय असं मशीन सुरूच करता येत नाही.

बरेच जण विचारतात कोबाल्ट आणि लिनॅकमध्ये फरक काय. कोबाल्ट मशीनमध्ये कोबाल्ट-60 हा खरा रेडिओॲक्टिव्ह तुकडा असतो, तो कायम किरण टाकत असतो, फक्त शिशाच्या जाड आवरणात झाकून ठेवतात आणि पाहिजे तेव्हा तोंडाशी आणतात. सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते, म्हणून तो बदलावा लागतो. लिनॅकमध्ये असा तुकडाच नाही, लाईट गेली की किरण गेला. पण कोबाल्टला कमी लेखू नका, लाईटचा भरवसा नसलेल्या ठिकाणी त्यानं आजवर हजारो माणसं बरी केलीत, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं तर भाभाट्रॉन नावाचं कोबाल्ट मशीन इथंच बनवलं. आणि लिनॅकसुद्धा आपल्याकडे बनलाय हे मला अजिबात माहीत नव्हतं. पवईला आयआयटीच्या आवारात समीर नावाची सरकारी संस्था आहे, त्यांनी 6 एमव्हीचा सिद्धार्थ नावाचा लिनॅक तयार केला, वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलात तो बसवला होता. अशी मशीन प्रत्येक जिल्ह्यात पाहिजेत. ज्या माणसाला 25 किंवा 33 वेळा रोज यायचंय त्याला दोनशे किलोमीटर लांब भाड्यानं खोली घ्यायला लावली तर तो दहाव्या शेकाला सोडून देतो, असे दोघं जण मी त्या बाकावर बघितले.

पैशाचं म्हणाल तर आमचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र लागलं, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे आधी जा, काउंटरवर नंतर. मंजुरी यायला दिवस लागतात, म्हणून किमोचा शेवटचा डोस चालू असतानाच कागद सुरू करा, आम्ही उशीर केला.

माझे मार्क सांगायचे तर मशीन आणि फिजिक्स टीमला 5 पैकी 5, टेक्निशियन लोकांना 5, डॉक्टरांना 4 कारण वेळ कमी देतात पण दिला तर नीट देतात, आणि माहिती-निरोपाला 1. तो एकसुद्धा मॅडममुळे. त्यांनी चहा पिता पिता जी दहा मिनिटं दिली तेवढ्यानं आई दुसऱ्या दिवशी एकटी आत चालत गेली. ते काम त्यांच्या ड्युटीत नव्हतं, ते कुणाच्या तरी ड्युटीत असायला हवं.

जाणार असाल तर पुढून बटणाचा सैल सुती ब्लाऊज किंवा शर्ट घाला, काढ-घाल सोपी होते. गोंदलेल्या ठिपक्यांशिवाय पेनच्या खुणा पण करतात, त्या आंघोळीत घासू नका. सकाळचा पहिला नंबर मागू नका, मोजणीला उशीर झाला की पहिला अडकतो, साडेदहानंतरचा मागा. स्वेटर न्या, मशीनसाठी खोली गार ठेवतात.

आईला पुढच्या महिन्यात दाखवायला बोलावलंय. तिनं आत्ताच शेंगदाण्याच्या लाडवांचा गूळ आणून ठेवलाय, मॅडमना आणि त्या माईकवाल्या दादाला न्यायचे म्हणते, आणि नातू तिच्या मांडीवर बसून अजून 28 पर्यंत मोजतोय.